अधिकार म्हणजे

घशाच्या ऑपरेशनात भय्यासाहेबांचा आवाज गेला, धाक मात्र जागच्या जागी राहिला. चाळीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलेला माणूस आता वहीत लिहून बोलायचा. रविवारी हिंदी मुलखातल्या घमापुरच्या मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान होतं, आणि वाचणार होती त्यांची लेक, यामिनी.

सकाळीच त्यांनी लिहून दिलं होतं, 'एक शब्द इकडचा तिकडे नको. तुझं काही घालू नको.'

यामिनीही कॉलेजात तोच विषय शिकवायची. बाबांच्या मांडणीला द्यायची उत्तरं तिनं मनातल्या जात्यावर किती वर्षं दळली होती. एकदाच हिय्या करून म्हणाली, "यावर मला मंडळात बोलायचंय, बाबा." तेव्हा आवाज होता त्यांना. "अजून तुझा अधिकार नाही," एवढंच म्हणाले. त्याला अकरा वर्षं झाली.

ती वाचू लागली. जुन्या समाजात माणूस कुणाचा तरी असे, आता तो कुणाचाच नाही, म्हणून स्वतःला स्वतंत्र म्हणवतो. खरंच होतं ते. कांचघर मोहल्ल्यात, त्यांच्याच गल्लीत, शेजारचे गणपतकाका गेल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं होतं.

मग पुढचं वाक्य आलं. "अधिकार हाच समाजाचा कणा. तो मोडला, आणि समाजाची गर्दी झाली."

मागच्या रांगांतून टाळ्यांचा कडकडाट. "सही बात! अधिकार तो मिलना ही चाहिए!"

यामिनी थबकली. बाबांचा अधिकार म्हणजे पायरी, वयानं, तपानं, कुळानं लाभलेली. बाहेर हिंदीत वाढलेल्या या पोरांचा अधिकार म्हणजे हक्क, सगळ्यांना सारखा. शब्द एक, अर्थ पाठीला पाठ लावून बसलेले.

मंडळाचा चिटणीस स्वप्निल उभाच राहिला. "माफ करा, भय्यासाहेब. आम्ही तुम्हाला पुराने खयालवाले समजत होतो, तुम्ही तर सगळ्यांच्या हक्कासाठी भांडून राहिले! दीदी, हे वाक्य हॉलच्या भिंतीवरच लिहून घेऊ."

"माझ्या दारावर लिहा," मंडळातल्या बेबीताई म्हणाल्या. "सुनेला पाठ करायला सोपं जाईल."

हशा पिकला. पहिल्या रांगेत भय्यासाहेब लालबुंद झाले. जन्मभर ज्याच्या विरोधात लिहिलं, त्याच्याच नावानं टाळ्या! ओठ हलले, आवाज नाही. त्यांनी वहीत खरडून वही वर धरली. 'समजाव.'

"कसं, बाबा?" माइक चालूच होता. "कागदावर आहे ते तुमचं. पुढचं माझं होईल. तुम्ही मना केलंय."

भय्यासाहेबांचं पेन कागदाला टेकलं, पुन्हा उचललं. एक शब्द दुरुस्त करून यामिनी खाली बसली असती तरी कुणी काही म्हणालं नसतं.

ती बसली नाही.

"मला अधिकार आहे का, बाबा? तुमच्या अर्थानं विचारते."

भय्यासाहेबांनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली, आणि मान हलवली. होकाराची, एकदाच.

यामिनीनं कागद बाजूला ठेवले. "स्वप्निल, खाली बस. भय्यासाहेबांचा अधिकार म्हणजे हक्क नाही. तो काय आहे ते आधी नीट सांगते. मग तो मला कुठं पटत नाही, तेही सांगणार आहे."

टाळी एकही पडली नाही.