दुसरा प्रौढ

प्राणिसंग्रहालयाचं कौटुंबिक कार्ड काढणारी बहुतेक कुटुंबं वर्षात एकदा उत्साहाने जातात आणि एकदा कार्ड संपत आलं म्हणून जातात. शिवणवाली रोज जायची. कार्डावर ‘वर्षभर, कितीही वेळा’ असं छापलेलं होतं. छापणाऱ्याने ते सौजन्य म्हणून छापलं असणार. तिने ते मनावर घेतलं.

तिचा धंदा लोकांचे कपडे मापात आणण्याचा. पँटी आखूड करायच्या, कोट सैल करायचे. मशीनवरचं काम ती सकाळी घरी उरकायची आणि काज, बटणं, दुमडी असलं हातशिलाईचं काम पिशवीत भरून गेंड्यासमोरच्या बाकावर घेऊन बसायची. घरापेक्षा तिथे उजेड चांगला, आणि तो कोणाच्या बिलात चढत नव्हता. गिऱ्हाइकांना तिने पत्ताही तोच देऊन ठेवला होता. तिकीट पडतं म्हणून कोणी कुरकुरलं तर म्हणायची, “मग हत्तीपण बघून जा ना, वसूल होईल.” एका वकिलाने तर आपला काळा कोट गेंड्याच्या साक्षीने घालून बघितला होता.

तिची मुलगी भिंगरी शाळा सुटली की परस्पर इकडेच यायची. पाढे कासवासमोर म्हणायची, कारण कासव मध्येच टोकत नाही. शनिवारी तिच्या डोक्यातल्या उवा काढायचा कार्यक्रम माकडांच्या पिंजऱ्यापाशी व्हायचा. माकडं जाळीला चिकटून बघत बसायची आणि शिवणवालीच्या हातून एखादी ऊ निसटली की हळहळायची, असं भिंगरी शपथेवर सांगायची.

तिसरे सभासद सासरे. म्हणजे होते. शिवणवालीच्या नवऱ्याने रीतसर घटस्फोट घेऊन दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडला, तेव्हा जाताना त्याने टीव्ही नेला, कपाट नेलं, इस्त्रीसुद्धा नेली. वडील राहिले. मुलगी कोणाकडे आणि भांडी कोणाकडे यावर कोर्टात बरीच घासाघीस झाली होती. म्हाताऱ्यासाठी कोणी अर्जच केला नव्हता.

सासऱ्यांनी उभा जन्म एका कचेरीत लिफ्ट चालवली. ‘वर?’ आणि ‘खाली?’ या दोन शब्दांवर त्यांचा प्रपंच झाला होता आणि निवृत्तीनंतर घरात तेवढेही शब्द लागेनात. गेंड्यापुढे मात्र ते तास न् तास बोलायचे. भिंगरीने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “त्याचीही नोकरी एका पिंजऱ्यात दिवसभर उभं राहायची. आमचं जमतं.”

सगळं असं सुरळीत चाललं होतं आणि मुलाचा फोन आला. वडिलांसाठी वृद्धाश्रमात जागा मिळाली होती. रविवारी गाडी पाठवतो, म्हणाला. “तिथे किती दिवस राहणार बाबा? ती आता तुमची कोण लागते?” फोनचा आवाज मोठा ठेवायची सासऱ्यांना सवय होती, त्यामुळे हे स्वयंपाकघरातही नीट ऐकू आलं. सासरे म्हणाले, “बघू.”

शिवणवालीने दातांनी दोरा तोडला आणि पुढची पँट मांडीवर घेतली. राहा म्हणायला काही नातं लागतं, आणि ते कोर्टाने सहीशिक्क्यानिशी काढून घेतलेलं. म्हणून तिने दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हटलं, “चला बाबा, आवरा. कार्ड फुकट जाईल.” सासऱ्यांनी टोपी घातली.

शुक्रवारी भिंगरीला सुट्टी होती म्हणून तिघं बरोबरच आली, तर फाटकावर नवं यंत्र बसलेलं होतं आणि यंत्राशेजारी नवे व्यवस्थापक. शिवणवालीने कार्ड लावलं. पडद्यावर तिचा फोटो आला, भिंगरीचा आला, आणि मग हसतमुख, मिशीवाला, भांग पाडलेला तिचा माजी नवरा आला. खाली लिहिलं होतं: दुसरा प्रौढ.

सासरे पडद्याकडे बघत राहिले. बऱ्याच दिवसांनी पोराचं तोंड दिसत होतं.

“हे कुठे आहेत?” व्यवस्थापकांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“गेले.”

“अरेरे. कधी?”

“मेले नाहीत साहेब, गेले. घटस्फोट झाला. आता दुसरे प्रौढ हे,” तिने सासऱ्यांना पुढे केलं. “इतके दिवस हेच येतात. जुन्या गेटवाल्याला विचारा.”

“जुना गेटवाला त्यासाठीच जुना झाला,” व्यवस्थापक म्हणाले. “हे कोण तुमचे?”

“सासरे.”

“घटस्फोट झाला म्हणता, मग सासरे कुठून आले?”

मागे रांग वाढत होती. फुगा घेतलेल्या पोराची आई म्हणाली, “अहो, सोडा ना म्हाताऱ्याला. वाघ पळून जाणारे का?”

“नियम आहे बाई. कुटुंब म्हणजे कुटुंब. यांचे चिरंजीव कधीही येऊ शकतात, त्यांना कोणी अडवणार नाही.”

“म्हणजे जो ढुंकून बघत नाही तो कुटुंबात,” शिवणवाली म्हणाली, “आणि जो रोज नातीचं दप्तर वाहतो तो बाहेरचा?”

“यंत्रात तसंच आहे.”

“बरं. मग यंत्राच्या हिशेबानेच चालू.” तिने पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला. “ही नात, हे आजोबा. रक्ताचे. यात काही शंका? नाही ना? मग या घराण्यात उपरी कोण? मी. कोर्टाने मलाच काढलंय, यांना नाही. माझा फोटो पुसा आणि यांचा घाला. मी इथे कठड्यावर बसते. जा बाबा, भिंगरीला घेऊन आत जा.”

व्यवस्थापकांना या हिशेबातली चूक सापडेना. त्यांनी उगीच यंत्राची एक कळ दाबून पाहिली. पडद्यावरचा नवरा जागचा हलला नाही.

सासरे जागचे हलले, पण आत जायला नाही. ते व्यवस्थापकांसमोर जाऊन उभे राहिले. भिंगरीने आईचा हात धरला, कारण आजोबांचा हा आवाज तिने फक्त गेंड्यापुढे ऐकला होता.

“घटस्फोट माझ्या पोराने घेतला,” ते म्हणाले. “मी घेतलेला नाही. मला कोणी कोर्टात बोलावलं नाही, मी कुठे सही केलेली नाही. ही माझी सून आहे. आता लिहा.”

रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. व्यवस्थापक म्हणाले, “आजच्या दिवस जा तुम्ही, आजोबा. मी वर विचारतो.”

“आजच्या दिवस नको,” शिवणवाली म्हणाली. “आम्ही सभासद आहोत, पाहुणे नाही. वर विचारायचं असेल तर विचारून या. आम्ही थांबतो. हे मागचेही थांबतील.”

मागच्यांनी थांबायला कडाडून नकार दिला. फुगा फुटला, पोर रडलं, कोणीतरी वर्तमानपत्रात ओळखीचं माणूस असल्याचं मोठ्याने सांगितलं. व्यवस्थापकांनी घाम पुसला आणि यंत्राचा कॅमेरा सासऱ्यांकडे वळवला. सासरे मजला यायची वाट बघितल्यासारखे ताठ उभे राहिले. मिशीवाला पडद्यावरून गेला.

“नातं काय लिहू?” व्यवस्थापकांनी दमलेल्या आवाजात विचारलं.

“आत्ता सांगितलं ना,” सासरे म्हणाले.

बाकावर पोचल्यावर शिवणवालीने वकिलाचा कोट बाहेर काढला, पण सुईत दोरा काही जाईना. भिंगरीने तो ओवून दिला आणि कासवाकडे पळाली. सासरे बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला आणि नेहमीसारखा आवाज मोठा केला.

“रविवारी गाडी पाठवू नकोस,” ते म्हणाले.

“का? काय झालं? बाबा, ती जागा मुश्किलीने मिळालीय—”

“दुसऱ्या कोणाला दे. ज्याला घर नसेल त्याला.”

पलीकडून बरंच काही येत राहिलं. हक्क, लोक काय म्हणतील, तुमच्या भल्यासाठी. सासऱ्यांनी फोन मांडीवर ठेवून ते संपेपर्यंत वाट बघितली, आणि संपेना तसा बंद केला.

शिवणवालीला काही बोलायचं होतं. तिने दोनदा तोंड उघडलं. गेंडा चिखलात बसकण मारून दोघांकडे पाठ करून होता, त्याच्याकडून काही मदत मिळण्यासारखी नव्हती.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “जरा उठा. वकिलाच्या बाहीवर बसलायत.”