डाव्या अंगठ्याचं काम

नागराजने कपाटातून लाल हेलिकॉप्टर काढून काउंटरवर ठेवलं आणि रिमोट चंद्रकांतरावांच्या उजव्या हातात दिला. विद्याताईंचा जीव भांड्यात पडला. डाव्या हातात दिला असता, तर तो खाली पडला असता.

“तीन चॅनेल, सर. वर-खाली, पुढे-मागे आणि वळणं. उंची आपली आपण धरतं. एका अंगठ्याने उडवा.”

बसवनगुडीतल्या या दुकानात विद्याताईंनी आदल्या दिवशीच फोन करून ठेवला होता. गेल्या पावसाळ्यात चंद्रकांतरावांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, जीभ सावरली, पण डावा अंगठा रुसून बसला तो बसलाच. सगळी नोकरी हेलिकॉप्टरच्या कारखान्यात काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर दर रविवारी मैदानावर छोटी हेलिकॉप्टरं उडवायचा. आता रविवारी खिडकीशी बसून घारी बघायचा, आणि ते विद्याताईंना बघवत नव्हतं. एका हाताने उडणारं का असेना, पण नवऱ्याने पुन्हा मैदानावर जावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. म्हणून त्या नागराजला म्हणाल्या होत्या, तेवढंच दाखव, बाकीची आत ठेव.

चंद्रकांतरावांनी शेपटीच्या पंख्यावर फुंकर मारली.

“हे बाजूला सरकतं का रे?”

“नाही सर. त्याला चौथा चॅनेल लागतो.”

“मग चार चॅनेलवालं काढ.”

नागराजने विद्याताईंकडे पाहिलं. विद्याताईंनी छताकडे पाहिलं.

“संपलंय, सर.”

“आणि तुझ्या मागच्या खोक्यात काय, उपमा आहे?”

नागराजने निमूटपणे खोकं उतरवलं. चार चॅनेलला दोन्ही अंगठे लागतात. डाव्याने उंची सांभाळायची आणि नाक वळवायचं, उजव्याने पुढे-मागे न्यायचं आणि बाजूला सरकवायचं. एक अंगठा चुकला की हेलिकॉप्टर थेट झाडात. रविवारी झाडाखाली बसून बसून एवढं विद्याताईंनाही कळत होतं.

“अहो, कशाला? ते लालच बरं आहे.”

दुकानात इतका वेळ कन्नड चाललं होतं. चंद्रकांतराव हळूच मराठीवर आले.

“फोन तू केलास ना? कालपासून बघतोय, तुझ्या पोटात काही राहत नाहीये.”

विद्याताईंची कानशिलं तापली. चोरी पकडली गेल्याची लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. मोडेन पण वाकणार नाही, हा यांचा बाणा जन्मभर सोसला; आता मैदानावरच्या लोकांसमोर हसं झालेलं कोणी सोसायचं?

“नागराज, डावी स्टिक स्वल्प सैल करून दे,” चंद्रकांतराव पुन्हा कन्नडमध्ये म्हणाले. “अगदी हलक्या हाताला जमली पाहिजे.”

नागराजने रिमोटचा मागचा भाग उघडून स्क्रू फिरवला. विद्याताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. स्टिक कितीही सैल केली, तरी तो अंगठा ऐकणार नव्हता.

दुकानामागच्या मोकळ्या फरशीवर नागराजने हेलिकॉप्टर ठेवलं. चंद्रकांतरावांनी रिमोट उजव्या हातात धरला आणि त्याची डावी बाजू बायकोपुढे केली.

“धर.”

“मी?”

इतक्या वर्षांत चहाचा थर्मास त्यांच्याकडे असायचा, रिमोट कधीच नाही. हात लावू नकोस, सेटिंग बिघडेल, हे वाक्य त्यांना पाठ होतं.

“कणीक मळताना तुझा अंगठा दुखतो ना? म्हणून सैल करून घेतली.”

हे विद्याताईंनी घरात कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

“मला यातलं काय कळतंय!”

“दूध वर आलं की गॅस बारीक करतेस ना? तसंच. घाई नको.”

विद्याताईंनी अंगठा टेकवला आणि जरासा पुढे सारला. पंखा भणभणला. हेलिकॉप्टर डगमगत उठलं, गुडघ्याएवढं वर आलं आणि तिथेच थरथरत राहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण नजर हलवायची सोय नव्हती.

चंद्रकांतरावांनी आपला अंगठा उजव्या स्टिकवर ठेवला.

“पुढे घेऊ?” त्यांनी विचारलं.

विचारायची सवय या माणसाला कधीच नव्हती.

“थांबा जरा,” विद्याताई म्हणाल्या.

चंद्रकांतराव थांबले.