आधी कंदील, मग माणूस

मी एक जुना कंदील आहे. माझी काच दोनदा बदलली, पत्रा मात्र मूळचाच आहे. मित्रांनो, तुम्ही माझ्यासारखा कंदील पाहिला असेल तो बहुधा एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर, शोभेला टांगलेला. माझं खरं काम मात्र विहिरीतलं होतं.

जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका वाडीत भागुजी राहत. पावसाळ्यात ते भात लावत आणि उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढत. फार दिवस न वापरलेल्या विहिरीच्या तळाशी कधी कधी वाईट हवा साचते. ती जड असते, म्हणून खाली बसते, आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भागुजी आधी मला पेटवून दोरीने खाली सोडत. मी विझलो, तर त्या दिवशी कोणी उतरत नसे. मी जळत राहिलो म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नव्हे; पण मी विझलो म्हणजे धोका नक्की.

"आदी कंदील, मंग मानूस," ते आपल्या मुलाला, जानकूला, सांगत.

विहिरीत मी एकूण तीन वेळा विझलो. तिन्ही वेळा भागुजींनी माझी काच धोतराच्या सोग्याने पुसली आणि मला देवळीत ठेवलं. विझल्याबद्दल शाबासकी मिळालेला दुसरा कंदील माझ्या ऐकिवात नाही.

पुढे भागुजी वारले. वाडीत नळ आला, विहिरींना कोणी विचारेना. जानकूला आळेफाट्याजवळ सुभाषशेठच्या पबमध्ये काम मिळालं. तिथे मागच्या खोलीत नाचणीची बिअर तयार होई आणि जानकू आत उतरून टाक्या घासत असे. शेठना भिंतीवर टांगायला जुन्या वस्तू हव्या होत्या. जानकूने मला दिलं. शेठनी माझी वात काढली, तळाला भोक पाडून वायर ओवली आणि आत पिवळा बल्ब बसवला. आता कुठलीच हवा मला विझवू शकत नव्हती.

भिंतीवरून एकच वाद मला रोज ऐकू येई.

"साडेतीनशेला एक ग्लास? सोन्याची नाचणी घालता का शेठ?" फाट्यावरचा गॅरेजवाला मोहित म्हणे.

"अरे, टाकी वीस दिवस अडकून पडते. धान्य, वीज, कर, माणसं. तू नुसतं बोनेट उघडायचे किती घेतोस, ते सांग आदी."

"मी बंद गाडी चालू करून देतो, राव. तुमी चालता माणूस बंद पाडता!"

सगळे हसत. पण हळूहळू टेबलं रिकामी राहू लागली. एक दिवस नवी पाटी लागली : दोनशे ऐंशी.

"आता कसा रेट वाजवी झाला!" मोहित म्हणाला.

मधले सत्तर रुपये कुठे गेले, हे कोणी विचारलं नाही. मागच्या खोलीत टाकीच्या तोंडाशी दोरी धरून उभा राहणारा दुसरा माणूस कमी झाला होता. वायू मोजणारं यंत्र बंद पडलं होतं, ते दुरुस्तीला गेलंच नाही.

मित्रांनो, बिअर होताना यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बिअर काढून घेतली तरी तो वायू टाकीच्या तळाशी बसून राहतो. अगदी विहिरीसारखा.

त्या शुक्रवारी सकाळी जानकू माझ्यासमोर येऊन थांबला.

"शेठ, कंदील पेटवून टाकीत सोडू का? आमच्याकडं विहिरीत सोडत्यात."

"रॉकेल? टाकीला वास लागला तर वीस दिवसांचा माल जाईल. आन् ही काय तुझी गाळाची विहीर हाय का? आरशावानी लखलखतीय. उतर, अकराला गिऱ्हाईक येतंय."

जानकूने माझ्याकडे पाहिलं. "ह्याची वातच न्हाई म्हना आता," तो पुटपुटला आणि आत गेला. वाईट हवा गाळात असते, चकचकीत स्टीलमध्ये कशी असेल, असं त्यालाही वाटलं असावं.

शेठनी तीनदा हाक मारली. चौथ्या हाकेला ते धावत गेले. माणसं जमवून जानकूला बाहेर काढलं, तोपर्यंत फार उशीर झाला होता. भिंतीवर मी लख्ख जळत होतो.

तेराव्यानंतर जानकूची बायको कोंडाबाई आली. शेठ मान खाली घालून उभे होते.

"गिलास केवढ्याला देता?" तिने विचारलं.

"दोनशे ऐंशी."

"आन् आदी?"

"साडेतीनशे."

"म्हंजी बाकीचं आमच्या घरातनं गेलं," ती म्हणाली. मग तिने खुर्चीवर चढून मला उतरवलं. कोणी अडवलं नाही.

साडेतीनशे वाजवी होते की नव्हते, हे मला सांगता येणार नाही. दर तपासणं माझं काम नव्हे. पण मित्रांनो, एखादी वस्तू स्वस्त झाली की तिच्यातून काय काढून घेतलं, एवढं विचारत जा. आणि जुनी वस्तू जपायची, तर तिच्या कामासकट जपा.

कोंडाबाईने माझा बल्ब उपटून टाकला, भोक झाळून बंद करून घेतलं, नवी वात घातली. विहिरी आता बुजल्या आहेत. रोज संध्याकाळी ती मला पेटवते आणि निजताना फुंकर मारते. मी लगेच विझतो. मला अजून विझता येतं, हे ती रोज पाहून घेते.