कूलरसमोरची राळ

दुर्बिणीचा आरसा घासायची हत्यारं करिश्मानं स्वतः बनवली होती, आणि हे अकोल्याच्या निम्म्या जुन्या शहराला सांगूनही झालं होतं! प्लॅस्टरची जाड थाळी ओतून तिच्यावर उरलेल्या फरशीचे तुकडे चिकटवले, त्यावर दोन महिने घासून घासून सहा इंची काच खोलगट केली. आता राहिली होती फक्त चकाकी. चकाकीला फरशी चालत नाही, राळेचा थर लागतो. कडक झाला तर ओरखडे, मऊ झाला तर आकार बिघडला.

सकाळी तिनं राळ एरंडेल घालून वितळवली, तिच्यातला एक छोटा गोळा पारखायला कूलरसमोर निववला आणि नख दाबलं. बारीक खूण उठली. अगदी हवी तश्शी! मग बाकीची राळ दुसऱ्या थाळीवर ओतली, काच वर दाबून बसवली आणि ती जेवायला गेली.

एक वाजता लाईन गेली. कूलर थांबला. मे महिना, पत्र्याचं घर.

हात धुऊन आली तर काच हलेचना. राळ मऊ होऊन काचेच्या कडेनं मधासारखी वर चढली होती.

"काहून ओढून राहिली व माय?" दारातून बाबा म्हणाले. बाजाराकरता ते मोगऱ्याच्या टोपल्यांवर ओलं बारदान टाकत होते. "फुटन ना!"

"चिपकली, बाबा. बर्फ आणू?"

"तापल्या काचेवर बर्फ? शाळेत काय शिकवतेत तुले?"

हे तिलाही ठाऊक होतं. ओढली तर काठाचा टवका उडणार, ठेवली तर आणखी रुतणार. सगळ्या गल्लीला चंद्र दाखवायचं कबूल करून बसलेली पोरगी, आणि हात नुसते मांडीवर!

बाबांनी एका टोपलीवरचं बारदान काढलं, पाण्यात बुडवून पिळलं आणि काचेभोवती गुंडाळलं.

"अन् मोगरा?"

"मोगरा उद्या अजून फुलते. तुही काच?"

तीन वाजले. बारदान दोनदा वाळलं, दोनदा भिजवलं. उघड्या टोपलीतल्या कळ्या भराभर उमलून पिवळ्या पडत चालल्या. काच तसूभरही हलली नाही.

"लाईन आली की निघन?" बाबांनी विचारलं.

"निघन," ती म्हणाली.

आणि मग तिला कोपऱ्यातला सकाळचा गोळा दिसला. तिनं नखाची खूण शोधली. राळ पसरट झाली होती, वर गुळगुळीत. खूण केव्हाच बुजली होती; कूलरच्या गारव्यात पारखलेली राळ या उन्हाळ्यात मऊच होती.