नांदायला गेलेली परात

धाकट्यांनी हौसेनं सगळ्यांना बोलावलं, हीच पहिली चूक. पासष्टी उलटली तरी थोरल्या भावामागचे म्हणून घरात त्यांचं नाव 'धाकटे'च.

पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची. परग्रहावरचं यान गावाबाहेर उतरायचं, दार उघडायचं नाही, आतून नुसता श्वासाचा आवाज यायचा. बघणाऱ्यांची बोबडी वळायची. ते यान धाकट्यांनी बनवलेलं. मालिकांना लागणाऱ्या वस्तू जमवून आणणं ही त्यांची नोकरी. घरात मात्र ते तेव्हापासून शास्त्रज्ञासारखे वावरत.

आता कुणीतरी ती मालिका धुऊनपुसून पुन्हा दाखवायला काढली होती. रविवारी दुपारी पडदे ओढले गेले. सोफ्यावर थोरल्या वहिनी, शेजारी धाकट्यांची बायको, खाली नात. दादा भिंतीवर, फोटोत.

"आजोबा, मी घाबरलेच नाही तर?"

"घाबरशील. तुझ्या आजीनं माझा दंड सोडला नव्हता."

यान ढगांतून खाली आलं. पूर्वी त्या टीव्हीवर माणूस कुठला आणि कपाट कुठलं हे कळत नसे. आता यानावरचा ओरखडान् ओरखडा मोजून घ्यावा. काठाला एक पोचा होता. धाकट्यांनी वहिनींकडे चोरून पाहिलं. वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालं होतं. तेही यांनीच मागे लागून करवलेलं.

"थांबव गं," वहिनी म्हणाल्या. नातीनं थांबवलं. "भाऊजी, ही माझी परात."

"छे हो वहिनी, यान आहे ते."

"यान असेल नाहीतर विमान. जेवणात मीठ कमी पडलं म्हणून तुमच्या दादांनी भिरकावली होती. माझ्या कानाजवळून गेली. तो पोचा मी विसरेन होय?"

ती परात तेव्हा घरातून एकाएकी नाहीशी झाली होती. 'माझी परात हिच्या माहेरी नांदायला गेली,' हे वाक्य वहिनींनी जावेकडे बघत पस्तीस वर्षं चार पाहुणे जमले की ऐकवलं होतं. बायकोनं आधी शपथा घेतल्या, मग रडून पाहिलं. मग माहेरी निघताना ती दारात उभी राहून पिशवी उलटी करून झटकायला लागली. धाकटे दर वेळी चप्पल शोधत असत.

संध्याकाळपर्यंत यान हवं होतं, आणि परात दुसऱ्या दिवशी आणून ठेवायची होती, हे खरं. पण मालिका गाजली, परात पुढच्या भागांसाठी तिथंच अडकली. मग सांगायला तोंडच उरलं नाही.

वहिनींनी जावेचा हात धरला. "अगं, मी..."

बायको पडद्याकडेच बघत होती. "तेव्हा मी ह्या परातीला बघून खरंच घाबरले होते हो," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही म्हणालात, घाबरू नकोस, मी आहे ना."

धाकट्यांना त्या क्षणी फोटोतल्या दादांचा हेवा वाटला.

"आता कुठाय ती?" वहिनींनी विचारलं.

"शेवटच्या भागात... आत दारू भरून उडवली."

"खरंच?" नात टुणकन उठून बसली. "किती भाग आहेत?"

"तेरा."

"लाव गं, सगळे बघू," बायको म्हणाली. "आणि तुम्ही कुठं निघालात? बसा. इथं, माझ्याशेजारी."

धाकटे बसले. पडद्यावर यानाचं दार उघडत नव्हतं. आत कुणीतरी अंग चोरून धापा टाकत होतं. तो आवाजही तेव्हा धाकट्यांनीच दिला होता.