कच्चा टाका

मुलांच्या वॉर्डातली सिस्टर संध्याकाळी ड्यूटी संपवून आली ती खांद्यावर भली मोठी पिशवी अडकवूनच. पिशवी पाहताक्षणी वहिनींनी कपाळाला हात लावला. मागच्याच आठवड्यात ती गोधड्यांनी ठासून भरून त्यांनी वॉर्डात पाठवली होती. आता तिच्यातून एक गोधडी परत आली होती, आणि ती कोणाची हे विचारायची गरज नव्हती. सिस्टरनं पिशवी खाली ठेवली तशी ती छुमकन वाजली.

"बाकीच्या सगळ्या ठेवून घेतल्या," सिस्टर म्हणाली. "पोरं खूश आहेत. पण ही नाही चालायची, वहिनी. मणी काय, आरसे काय, घुंगरू काय! एखाद्यानं तोडून गिळलं म्हणजे?"

"मी सांगितलं होतं हो तिला," वहिनी म्हणाल्या. "शंभरदा सांगितलं होतं."

दर बुधवारी दुपारी वहिनींच्या पुढच्या खोलीत पाच-सहा बायका सुया घेऊन जमायच्या. वहिनींना घर सोडता येत नव्हतं, म्हणून शिवणच त्यांच्या घरी यायचं. जुन्या चादरी, उरलेले कापडाचे तुकडे, कोणाच्या मुलाचे आखूड झालेले शर्ट, जे मिळेल ते जोडून गोधड्या व्हायच्या आणि आजारी मुलांच्या वॉर्डात जायच्या. नियम दोनच: गोधडी धुता आली पाहिजे, आणि तिच्यावर निघून येईल असं काही नको. हा दुसरा नियम नणंदबाईंना कधीच मान्य नव्हता. त्यांना साधं म्हणून काही सोसतच नसे. हातात फरशी पुसायचं फडकं दिलं असतं तर त्यालाही त्यांनी झालर लावली असती.

"वन्सं, पोरांसाठी आहे. साधी ठेवा," वहिनी म्हणायच्या.

"आजारी आहेत म्हणून त्यांनी सगळं साधंच बघायचं का गं?" नणंदबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणायच्या. "आणि निघून येईल म्हणजे काय? मी लावलेलं बटण निघत नाही. कापड फाटेल, पण बटण निघायचं नाही."

हे मात्र खरं होतं. त्यांचा हात पक्का होता. चार वेढे, तीन गाठी, वर एक उलटी गाठ. असल्या हाताचं कौतुक करावं की तो धरून बाजूला ठेवावा, हे वहिनींना कधी कळलं नव्हतं. त्यातून बाई बुधवारच्या बुधवारी यायच्या, चहा प्यायच्या, मणी सांडायच्या, आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहून "आई, बरी आहेस ना?" विचारायच्या आणि जायच्या. आतल्या खोलीत ज्या होत्या, त्या वहिनींच्या सासूबाई. नणंदबाईंची सख्खी आई.

सिस्टर आत गेली, कारण तिचं खरं काम तिथेच होतं. सासूबाईंना आता कोणी ओळखू येत नव्हतं, बोलणं जवळजवळ थांबलं होतं, पण बोटं काही थांबत नव्हती. दिवसभर ती काहीतरी उपटत असायची. आधी चादरीचे दोरे उपटले, मग स्वेटरची लोकर, आणि ते सगळं काढून घेतल्यावर स्वतःची कातडी. डाव्या मनगटाच्या वर जखम झाली होती. सिस्टर पट्टी बांधून जायची आणि सासूबाई ती सोडून पुन्हा तिथेच नख घालायच्या.

आज पट्टी उघडून सिस्टरनं जखम वाकून नीट पाहिली.

"खोल गेलीय. वहिनी, आता ऐकायचं नाही. सोमवारी मी हातमोजे घेऊन येते, नाडीचे. हात त्यात घालून बांधून ठेवायचे. दुसरा उपाय नाही."

वहिनींना तसले मोजे ठाऊक होते. एकदा ते मोजे घालून पाहिले होते. सासूबाई ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. दातांनी नाडी सोडवू पाहिली, जमलं नाही, आणि मग त्या वहिनींकडे बघत बसल्या. वहिनींना ते तासभरही बघवलं नव्हतं. त्यांनी मोजे काढून फेकून दिले होते.

"बांधू या की मग," रात्री जेवताना नवरा म्हणाला. "दोन दिवस त्रास होईल, मग सवय होईल तिला."

"आणि बांधणार कोण? तुम्ही?"

"मी कामावर असतो."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय, असं वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं. तीन वर्षं त्या हेच गिळत आल्या होत्या. सासूबाईंच्या हातात त्यांनी काय काय देऊन पाहिलं नव्हतं! लोकरीचा गुंडा दिला, तो भिंतीवर बसला. शेंगा सोलायला दिल्या, त्या पलंगाखाली गेल्या. शेवटी त्या नुसत्या जवळ बसून ते दोन्ही हात धरून ठेवायच्या. पण हात धरून बसलं की गॅसवर दूध उतू जायचं, आणि दूध उतरवायला उठलं की इकडे रक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तावातावानं ती गोधडी घेऊन आतल्या खोलीत बसल्या. निदान वरचं सगळं उसवून ती वॉर्डात तरी पाठवावी. मणी, आरसे, घुंगरू कात्रीनं उडवले आणि डब्यात बंद केले. राहिली ती जुन्या ओव्हरकोटांची मोठाली बटणं, चांगली दोन डझन. पहिल्याच बटणाच्या गाठी कापता कापता बोटं दुखून आली. "काय बाई आहे!" म्हणत वहिनींनी गोधडी समोरच्या पलंगावर भिरकावली. ती पडली सासूबाईंच्या मांडीवर.

सासूबाईंचा हात मनगटावर होता. तो उठला आणि एका तपकिरी बटणाकडे गेला.

बटण त्यांनी चाचपलं, फिरवलं, मग ओढलं. पुन्हा ओढलं. दुसरा हातही मदतीला आला. वहिनी बघत राहिल्या, कारण गेल्या कित्येक महिन्यांत ते दोन हात आपणहून एका कामाला लागले नव्हते. पण बटण निघेल तर शपथ! सासूबाई कण्हल्या, नख अडकवून झटू लागल्या, आणि अखेर बटण सोडून पुन्हा मनगटाकडे वळल्या.

"अहो आई, थांबा थांबा!" वहिनींनी कात्री घातली आणि त्या बटणाचे वेढे एक सोडून सगळे कापले. सासूबाईंनी ओढलं. टच्. बटण हातात आलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, मांडीवर नीट ठेवलं आणि दुसऱ्या बटणाला हात घातला.

दुपारपर्यंत वहिनी पुढे पुढे वेढे कापत गेल्या आणि सासूबाई मागून बटणं काढत गेल्या. पट्टीला कोणी हात लावला नाही. वहिनींनी त्या दिवशी जेवण गरम असताना खाल्लं. पण दुपारी बटणं संपून गोधडी उघडी पडली, आणि सासूबाईंचा हात पुन्हा मनगटावर गेला. आता बटणं परत लावायची कोणी? स्वयंपाक कोणी करायचा, कपडे कोणी धुवायचे? वहिनींनी फोन उचलला.

"वन्सं, आत्ताच्या आत्ता या. सुई-दोरा घेऊन या."

"आज तर गुरुवार आहे!"

"माहितीय मला!"

नणंदबाई आल्या आणि आपल्या गोधडीकडे बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "महिनाभर राबले होते मी हिच्यावर! हे कोणी केलं?"

"तुमच्या आईनं," वहिनी म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. वॉर्डातून गोधडी परत आली तेही, सोमवारी हातमोजे येणार आहेत तेही. ते ऐकल्यावर मात्र नणंदबाई वाद न घालता पलंगाशी बसल्या आणि त्यांनी भराभर तीन बटणं लावली.

सासूबाईंनी पहिलं ओढलं. निघेना. दुसरं ओढलं, निघेना. तिसऱ्याला त्यांनी हातच लावला नाही. त्या पट्टी सोडू लागल्या.

"वन्सं! कच्चं लावा! एक वेढा, गाठ नको!"

"तसंच तर लावलं!"

"हे बघा, चार वेढे आहेत!"

नणंदबाईंनी पाहिलं. होते खरे. त्यांनी पुन्हा लावलं, आणि वहिनींच्या डोळ्यांदेखत त्यांचा अंगठा सवयीनं वळला, दोऱ्याचा फास झाला आणि गाठ बसली. आणखी एकदा तसंच झालं. वहिनींना आपलं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. आयुष्यभर साधं शिवायला सांगून या बाईनं ऐकलं नाही, आणि आता वाईट शिव म्हटलं तर तेही हिला जमेना!

"मला कच्चं येतच नाही गं, वहिनी," नणंदबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "हिनंच मारून मारून पक्कं शिकवलंय मला. एक बटण सैल झालं तर सगळा शर्ट उसवायला लावायची."

"मग आता तिच्यासाठीच विसरा!"

शेवटी वहिनींनी त्यांचा अंगठा आपल्या चिमटीत धरला. सुई एकदा वर, एकदा खाली, आणि गाठ बसायच्या आत वहिनी दोरा तोडायच्या. दोघी घामाघूम झाल्या, एकमेकींवर खेकसल्या, एकदा वहिनींच्या बोटात सुईही घुसली. संध्याकाळपर्यंत नणंदबाईंना एक टाका बिघडवता आला. दुसऱ्या दिवशी त्या न बोलावता आल्या, शनिवारीही आल्या, रविवारीही. सासूबाई काढत होत्या आणि लेक लावत होती. रविवारी सासूबाईंनी काढलेलं बटण मांडीवर न ठेवता लेकीपुढे धरलं.

"लाव," त्या म्हणाल्या.

नणंदबाईंच्या हातातली सुई थांबली. "वहिनी, हिनं ओळखलं का गं मला?"

हो म्हणणं सोपं होतं. वहिनींनी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "नाही, वन्सं. पण कामाला लावलंय तुम्हाला, एवढं नक्की."

नणंदबाई हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली. पण तोपर्यंत आईनं त्यांच्या गुडघ्यावर बटण आपटायला सुरुवात केली होती, म्हणून त्यांनी डोळे दंडाला पुसले आणि बटण लावलं.

सोमवारी सिस्टरनं पट्टी उघडली. जखमेवर खपली धरली होती. तिनं पलंगावरची गोधडी पाहिली, बटण काढणारे हात पाहिले, आणि पर्समधून अर्धे बाहेर काढलेले हातमोजे पुन्हा आत ढकलले. "असंच चालू द्या," ती म्हणाली, "फक्त कोणीतरी समोर बसा. बटण तोंडात जाता कामा नये."

ती गेली. दिवस कलला तशा सासूबाईही उघड्या गोधडीवर हात टाकून झोपल्या. नणंदबाईंनी हळूच ती ओढून घेतली आणि काढलेली सगळी बटणं पुन्हा लावायला घेतली. वहिनी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. आता ही उठेल, पिशवी उचलेल आणि "येते गं" म्हणून जाईल, या सवयीनं त्यांचा जीव आधीच वैतागला होता.

शेवटचं बटण लागलं. नणंदबाईंनी गोधडी आईच्या पायांवर पसरली.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "आई सकाळी किती वाजता उठते?"

तीन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. वहिनींना एकदम कडकडून भांडावंसं वाटलं, आणि रडावंसंही.

"उजाडायच्या आत," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याच्या आधी या."