डावा शाफ्ट

डावा एक्सल शाफ्ट मोडला, त्याच सकाळी धैर्यशीलचे वडील, आबा, एकतीस इंचांचे झाले. आदल्या रात्रीपर्यंत चांगले पावणेसहा फूट होते. न्याहारीला आले तर टेबलाच्या काठावर नुसती टोपी दिसली. आईने खुर्चीवर दोन उशा ठेवल्या आणि पोहे वाढले. काय झालं, असं कुणीही विचारलं नाही. इंगवल्यांच्या घरात गाडीचं दुखणं माणसाच्या अंगावर निघतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी म्हणजे आजोबांनी घेतलेली दोन सीटांची, बिनटपाची, लाल विलायती स्पोर्ट्स कार. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारे दोन पोलादी दांडे असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे; तेच शाफ्ट. डावा मोडला तो धैर्यशीलच्या मिजाशीपायी. पहाटे रंकाळ्यावर मित्रांसमोर त्याने क्लच झटक्यात सोडला, मागून खट् झालं आणि गाडी जागची हलेना. त्यात रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक, आणि पुढचा मान त्याच्या गाडीला! एकदा पुढचा मान मिळाला की घरचं माणूस टेबलाखाली गेलेलं दिसत नाही.

दोन दिवस त्याने एकतीस इंची शाफ्टासाठी भंगारबाजार पालथा घातला. जीपचा शाफ्ट लांब निघाला, ट्रॅक्टरचा जाड. शेवटी एका भंगारवाल्याने हात झटकले.

"ह्या मापाचा माल बाजारात न्हाई, साहेब. तुमच्या घरातच बघा."

मग उद्यमनगरात शिंगटे मिस्त्रींचा पोलाद कातायचा लेथ. मिस्त्री नवीन शाफ्ट करून द्यायला तयार होते, पण नमुना हवा. धैर्यशीलने मोडलेला शाफ्ट पुढे केला. दोन तुकडे, टोकाचे दाते पिळवटलेले. मिस्त्रींनी त्याला हातही लावला नाही.

"मोडलेल्याचं माप घेत न्हाई मी. अख्खा नमुना आणा."

धैर्यशील घरी आला तेव्हा आबा तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा पायघोळ झाला होता. खिशात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, सात दिवसांच्या. आई म्हणाली, "लवकर आण रे यांना. भूक सोसत नाही." त्याने आबांना स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभं केलं. आबा हँडलच्या मधल्या दांड्याला धरून राहिले.

दसरा चौकात सिग्नल लागला तेव्हा ते म्हणाले, "उजव्या शाफ्टाला मी तुझ्या आजोबांना दिलं होतं. ह्याच मिस्त्रीच्या बापाकडं."

"मग?"

"नवा केलेला जॉब मोडला तरच नमुना परत देतात. चालला तर तिथंच राहतो. आण्णांनी मला सांगितलं होतं, एक झटका दे, मोडून टाक. मी न्हाई दिला. गाडी लई झकास चालायला लागली होती." सिग्नल सुटला. "तू देशील न्हवं?"

"देतो की, आबा. मिरवणूक झाली की लगेच."

"शपथ?"

"शपथ."

मिस्त्रींनी आबांना बाकावर आडवं केलं, टाचेपासून टाळूपर्यंत पट्टी लावली आणि मान हलवली.

"वाकडा हाय."

"वय झालंय त्यांचं," धैर्यशील म्हणाला.

"व्हय, पण माप चुकंल. प्रेसला लावून सरळ करून घेतो."

धैर्यशील तेवढ्यापुरता बाहेर जाऊन चहा पिऊन आला. चहा बरा होता. आतून एकदा आबांचा आवाज आला, नंतर आला नाही. परतला तेव्हा आबा ओळंब्यासारखे सरळ झाले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मिस्त्रींनी त्यांच्या अंगठ्याला नंबराची चिठ्ठी बांधली आणि त्यांना मागच्या फळ्यांवर नेलं. तिथे बरीच माणसं ओळीने निजली होती, सगळी सरळ, सगळी आढ्याकडे बघत. खालच्या फळीवर, फेट्यासकट, आजोबा होते. मिस्त्रींनी आबांना त्यांच्या शेजारी ठेवलं.

"आण्णा," आबा म्हणाले.

आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

शनिवारी शाफ्ट तयार झाला. पाणी दिलेला, निळसर झाक असलेला. धैर्यशीलने स्वतःच्या हाताने बसवला: नवीन बेअरिंग, नवीन ऑइल सील, ग्रीस. आत सरकवला तर दात्यात दाता अलगद गेला. जेवण झाल्यावर आबा घसा साफ करायचे, तसा बारीक आवाज तेवढा झाला.

रविवारी गाडी सगळ्यांच्या पुढे चालली. लोकांनी फोटो काढले, गळ्यात हार पडला. आपण जन्माला आलो ते ह्याच दिवसासाठी, असं धैर्यशीलला मनापासून वाटलं. परत येताना त्याला शपथ आठवली. रस्ता मोकळा होता. क्लच दाबला, इंजिन गरजवलं, झटका द्यायचा एवढंच उरलं होतं. आणि त्याने पाय इतका हळू उचलला, इतका हळू, की बोनेटवरचा हारही हलला नाही. उद्या देऊ, असं त्याने ठरवलं.

उद्याचा परवा झाला. रोज सकाळी आई आबांच्या आंघोळीचं पाणी तापवायची, टॉवेल घेऊन दारात उभी राहायची आणि पाणी निवलं की ओतून द्यायची.

"ह्यांना आणलंस?"

"ट्रायल चाललीय, आई."

त्याला लाज वाटायची, खरंच वाटायची. पण गाडीत बसलं की दुसऱ्याच वळणाला ती लाज मागे पडायची. खड्डा दिसला की तो गाडी अशी जपून काढायचा, जणू तिच्यात बाळंतीण बसली आहे. आबांची एवढी काळजी त्याने आबा घरी असताना कधी घेतली नव्हती.

सहाव्या आठवड्यात उजवं मागचं चाक टकटक करू लागलं. डावा एकदम मोडला होता. उजव्याला हळूहळू तडा जात होता. म्हणून धैर्यशीलही रोज थोडा थोडा लहान होत गेला. आधी आरसा खाली करावा लागला. मग सीटवर उशी आली. एका गुरुवारी त्याचा पाय क्लचपर्यंत पोचेना. तो सीटवरून घसरून खाली उतरला, दोन्ही हातांनी क्लच दाबून बघितला. तो हलला नाही.

तेव्हा मात्र त्याला आबांची आठवण इतकी आली की तो तिथेच, पेडलांपाशी बसून रडला. आपल्या बाजूने बोलणारं घरात एक तरी माणूस हवं होतं.

त्याची मुलगी शर्वरी बाहेर आली. तिने नुकतंच लायसन्स काढलं होतं. गाडी शिकवली होती त्यानेच. तिने बापाला काखेत धरून उचललं, शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा आवळला आणि स्वतः स्टीअरिंगवर बसली. मांडीवर शिवणकामाची टेप होती.

"पुढच्या महिन्यात पुण्याला मिरवणूक आहे, बाबा. पत्र आलंय. पुढचा मान आपल्यालाच."

"शर्वरी, ऐक. क्लच झटक्यात सोड. एकदाच."

"डावा मोडेल ना."

"मोडू दे. आबा घरी येतील गं."

शर्वरी त्याच्याकडे बघून हसली. लहान मुलाकडे बघून हसतात तसं, मायेने. दारात आई टॉवेल घेऊन उभी होती. "यांना घेऊनच या," ती म्हणाली. शर्वरीने मान डोलावली, गिअर टाकला आणि पाय हळूहळू उचलला. गाडी कधी हलली ते कळलंसुद्धा नाही. तिचा पाय त्याच्यापेक्षाही हलका होता.

कोपऱ्यावर वळताना ती म्हणाली, "बाबा, सरळ बसा. वाकड्याला मिस्त्री प्रेसला लावतात, तुम्हीच सांगितलं होतं."

धैर्यशीलने पाठ सरळ केली.